४८ तासांत तबल्याचा गेम: आधी ठोका जुळवा, बाकी सगळं नंतर

गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या काही तासांत अख्खा गेम बनवायच्या स्पर्धेत, म्युझिक गेम (लयीवर बटणं दाबायचा गेम) घ्यायला बरेच जण बिचकतात आणि त्यात तथ्य आहे. उड्या मारायच्या गेममध्ये उडी जरा उशिरा लागली तर खेळणारा चालवून घेतो, इथे एक दशांश सेकंद इकडेतिकडे झालं की त्याला वाटतं "मी बरोबर दाबलं होतं" आणि तो टॅब बंद करतो. पण फायदाही मोठा आहे, दीड मिनिटाचं एक गाणं म्हणजे अख्खा गेम, लेव्हल नकोत, शत्रू नकोत, गोष्ट नको. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून होतोय, त्यात मूळचा हिशोब ४८ तासांचा, लुडुम डेअर त्याहून जुना, २००२ चा, तिथे एकट्याने ४८ आणि टीमने ७२ असा हिशोब चालत आलाय. दोन्हीकडे एक छोटा म्युझिक गेम आरामात बसतो, फक्त कामांचा क्रम बरोबर हवा.

माझं म्हणणं एकच आहे, म्युझिक गेममध्ये घड्याळ गाण्याचं असतं. कॉम्प्युटरचं नाही, फ्रेमचं (स्क्रीनवर भराभर बदलणाऱ्या चित्रांचं) नाही, तुमच्या टायमरचंही नाही. हे पहिल्या संध्याकाळी जमलं तर उरलेला वेळ मजेत जातो, नाही जमलं तर कितीही सुंदर चित्रं काढा, उपयोग नाही.

उदाहरण म्हणून दोन बटणांचा तबल्याचा गेम घेऊया. कीबोर्डवर एफ (F) म्हणजे डग्गा, जे (J) म्हणजे तबला. प्रत्येक बोलाचा एक ठोकळा, म्हणजे नोट, रेषेकडे सरकत येतो, रेषेवर आला की बटण दाबायचं. केरवा घ्या, आठ मात्रा, "धा गे ना ती, ना क धी ना". गे आणि क डाव्या हाताचे, ना आणि ती उजव्याचे, धा आणि धी दोन्ही हातांचे. म्हणजे गेमचं डिझाइन तबलजींनी आधीच करून ठेवलंय, आपण फक्त बटणं लावायची. ज्याला तबला येत नाही तोही दहा मिनिटांत केरवा "वाजवतो" आणि खूश होतो, जॅममध्ये याहून जास्त काय पाहिजे.

पहिलं काम: गाणं ठरवा आणि कुलूप लावा

गाणं पहिल्या काही तासांत फायनल झालं पाहिजे, फायनल म्हणजे लांबी, लय, सुरुवातीची शांतता, सगळं. नंतर कोणी म्हणालं "इंट्रो जरा वाढवूया का" तर नाही म्हणायचं, कारण इंट्रो दोन सेकंदांनी वाढला की सगळ्या नोट्स दोन सेकंदांनी सरकतात. वाद्यांचे आवाज नंतर सुधारले, मिक्स बदलला तरी चालेल, लांबी आणि लय मात्र हलवायची नाही.

लय निवडताना हिशोबाला सोपा आकडा घ्या. मिनिटाला १६० मात्रा धरल्या तर एक मात्रा ०.३७५ सेकंदाची (६० भागिले १६०), आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ३ सेकंदांचं, ३० आवर्तनं म्हणजे ९० सेकंद. असा आकडा असला की रात्री तीन वाजताही डोक्यात गणित करता येतं.

स्वतः म्युझिक येत नसेल तर बीपबॉक्स ब्राउझरमध्येच चालतं, एलएमएमएस फुकट आहे, त्यात साधी सुरावट बसवा. खटक्यांचे छोटे आवाज एसएफएक्सआरमधून काढा, हे टूल मुळात २००७ च्या लुडुम डेअरसाठीच बनवलं गेलं होतं, म्हणजे आपल्यासारख्या घाईतल्या लोकांसाठीच. टीममध्ये कोणी खरा तबला वाजवणारा असेल तर सोनं, पण त्याला मोकळा वाजवू देऊ नका. तबलजी रंगात आला की लय चढते, मैफिलीत ते छानच वाटतं पण आपलं ०.३७५ चं गणित तिसऱ्या आवर्तनात मोडतं. एका कानात इअरफोन घालून लेहऱ्याच्या (ठरलेल्या लयीत फिरत राहणाऱ्या सुरावटीच्या) अ‍ॅपवर किंवा क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिक-टिकवर) वाजवायला सांगा, लेहरा जास्त बरा कारण तबलजींना त्याची सवय असते, क्लिकवर वाजवताना चेहरा पडतो त्यांचा. इअरफोन म्हणतोय ते मुद्दाम, स्पीकरवर लावलं तर लेहरा पण रेकॉर्डिंगमध्ये घुसतो.

सिनेमाचं गाणं वापरू नका. "जॅमच तर आहे" असं सगळे म्हणतात, पण गेमचं पेज उतरवायला लागू शकतं आणि खेळाचा व्हिडिओ टाकला तर कॉपीराइटचा क्लेम येतो. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरून काही घेतलं तर लायसन्स बघा, सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) झिरो असेल तर बिनधास्त, सीसी बाय असेल तर नाव द्यायचं, आणि हे तेव्हाच्या तेव्हा एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा, शेवटच्या तासात कुठला आवाज कुठून आणला हे कोणालाच आठवत नाही.

फाइल एमपी३ मध्ये ठेवू नका. एमपी३ बनवताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप चिकटते, काही मिलिसेकंदांचीच पण असते, आणि लूप केला की जोडावर खाच ऐकू येते. ओजीजी किंवा वेव वापरा. ९० सेकंदांची स्टिरिओ वेव साधारण १६ एमबी होते, मोनो केली की ८, वेबवर टाकायचं असेल तर ओजीजीच बरी.

दुसरं काम: घड्याळ. इथे वेळ घालवा

यात शॉर्टकट मारू नका.

साधारणपणे आपण काय करतो, गाणं सुरू केलं, एक टायमर सुरू केला, दर फ्रेमला त्यात मधला वेळ मिळवत गेलो, आणि त्या टायमरवर नोट्स हलवल्या. पहिली दहा सेकंद छान दिसतं. मग कुठेतरी एक फ्रेम अडकते, टॅब बदलला जातो, गाणं सुरू व्हायलाच थोडा उशीर झालेला असतो, आणि गाणं एकीकडे, नोट्स दुसरीकडे. म्हणून टायमर ठेवायचाच नाही. दर फ्रेमला ऑडिओला विचारायचं, "गाणं कुठपर्यंत आलं?" आणि त्या उत्तरावरून सगळं काढायचं:

नोटची जागा = रेषेची जागा + (नोटची वेळ − गाण्याची वेळ) × स्पीड

नोट "हलवायची" नाही, दर फ्रेमला तिची जागा नव्याने काढायची. असं केलं की फ्रेम अडकली तरी पुढच्या फ्रेमला नोट आपोआप योग्य जागी येते, पॉज केलं तरी काही बिघडत नाही.

आता भानगड अशी की ऑडिओचं घड्याळ गुळगुळीत चालत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतं. साउंड सिस्टिम आवाज तुकड्यांत बनवते, सेकंदाला ४८००० सॅम्पल (आवाजाचे बारीक नमुने) धरले तर १०२४ सॅम्पलचा तुकडा म्हणजे जवळपास २१ मिलिसेकंद, आणि तुमची फ्रेम सेकंदाला ६० धरल्या तर १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे कधीकधी सलग दोन फ्रेमना तीच वेळ मिळते आणि नोट्स थरथरत येतात. उपाय इंजिनप्रमाणे (इंजिन म्हणजे ज्यात गेम बनवतो ते सॉफ्टवेअर, गोडो, युनिटी वगैरे):

गोडोमध्ये प्लेबॅक पोझिशन घ्या, त्यात "शेवटच्या मिक्सनंतर गेलेला वेळ" (शेवटचा तुकडा बनल्यापासूनचा) मिळवा, आणि "आउटपुट लेटन्सी" (आवाज स्पीकरपर्यंत पोचायला लागणारा उशीर) वजा करा. तिन्ही आकडे इंजिन स्वतः देतं, डॉक्युमेंटेशनमध्ये ऑडिओ सिंकचं वेगळं पानच आहे.

युनिटीमध्ये साधं प्ले न वापरता प्ले शेड्यूल्ड वापरा, आत्ताच्या डीएसपी टाइममध्ये (ऑडिओच्या स्वतःच्या घड्याळात) अर्धा सेकंद मिळवून त्या वेळेला गाणं लावा, म्हणजे सुरुवात नक्की कधी झाली ते माहीत असतं. मग डीएसपी टाइम वजा सुरुवातीची वेळ, झालं. तोही टप्प्यात चालतो, म्हणून मधल्या फ्रेममध्ये फ्रेमचा वेळ मिळवायचा आणि नवा आकडा आला की त्याच्याकडे हळूच सरकायचं.

थेट जावास्क्रिप्टमध्ये करत असाल तर गाण्याची वेळ ऑडिओ कॉन्टेक्स्टच्या करंट टाइमवरून काढा. ब्राउझर युजरने क्लिक करेपर्यंत आवाज सुरूच करू देत नाहीत, क्रोममध्ये हे २०१८ पासून आहे, म्हणून "सुरू करा" असं मोठं बटण ठेवा, एका क्लिकमध्ये आवाजही सुरू होतो आणि गेमही.

बटण दाबल्याची वेळ इव्हेंट आला तिथेच नोंदवा, पुढच्या फ्रेममध्ये "बटण दाबलेलं आहे का" असं विचारत बसू नका, एवढ्यात फुकटचे १६ मिलिसेकंद जातात.

हे झालं की स्क्रीनवर फक्त एक रेषा, चौकोनी ठोकळे आणि एक आकडा ठेवा: शेवटचा फटका किती मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा पडला. उणे १२, अधिक ३०, असं. हा आकडा पूर्ण जॅमभर कोपऱ्यात राहू द्या. तो नसला की टीममध्ये "मला बरोबर वाटतंय", "मला नाही वाटत" असं दोन तास चालतं.

तिसरं: बोलांच्या वेळा कशा लिहायच्या

चार्ट म्हणजे कुठली नोट कधी याची यादी, त्यासाठी वेगळा एडिटर बनवायला बसू नका. ऑडॅसिटी (आवाज एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) आहे ना. गाणं लावा आणि ऐकता ऐकता कंट्रोल-एम दाबत जा, प्रत्येक वेळी तिथे लेबल पडतं. मग लेबल एक्सपोर्ट करा, साधी टेक्स्ट फाइल मिळते, प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट आणि नाव, मध्ये टॅब. ती गेममध्ये वाचायला दहा ओळींचा कोड पुरतो. लेबलच्या नावात "डा", "उ", "दोन्ही" असं लिहिलं की झाला चार्ट.

पण हाताने टाकलेल्या वेळा तशाच वापरू नका. माणूस ठरलेल्या ठोक्यावर टॅप करतो तेव्हा साधारणपणे किंचित आधीच दाबतो, यावर बराच अभ्यास झालाय, दहा-वीस मिलिसेकंदांचा फरक सहज पडतो. गाणं क्लिकवर असेल तर प्रत्येक वेळ जवळच्या ०.३७५ च्या पटीत बसवा. खरा तबला असेल तर वेव्हफॉर्म मोठं करून लेबल टोकावर ओढा, तबल्याचा आघात एकदम टोकदार दिसतो त्यामुळे हे काम पटकन होतं. बासरी किंवा आवाजावर नोट्स बसवायला जाल तर सुरुवात नक्की कुठे यावरच भांडणं होतील, जॅममध्ये आघाताची वाद्यंच घ्या.

धा आणि धीचं काय करायचं? ही "एक नोट, दोन बटणं" अशी करू नका. "दोन्ही" असं लेबल वाचलं की गेममध्ये एकाच वेळेच्या दोन वेगळ्या नोट्स करा, एक डाव्या रांगेत, एक उजव्या, आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा. दोन बोटं कधीच तंतोतंत एकत्र पडत नाहीत, आणि "दोन्ही एकत्र दाबलं का" हे तपासायला गेलात की कितीची सूट द्यायची, एकच दाबलं तर काय, असे दहा प्रश्न उभे राहतात. वेगळ्या ठेवल्या की कोड अर्धा होतो.

सूट किती? आम्ही ५० मिलिसेकंदांच्या आत "वा", १०० च्या आत "ठीक", असं धरतो आणि अनोळखी लोकांना तेच बरं वाटतं. फक्त एक बघा, एकाच रांगेतल्या दोन नोट्समधल्या अंतराच्या अर्ध्यापेक्षा ही सूट कमी पाहिजे. मात्रेला ३७५ असेल तर अर्धं १८७, काही त्रास नाही. पण दुगुन (दुप्पट वेग) केली की अंतर १८७, अर्धं ९३, आणि १०० ची सूट शेजारच्या नोटवर चढते, मग एक फटका कुठल्या नोटचा हेच गेमला कळत नाही.

चौथं: फटक्याचा आवाज वाजवू नका

हे उलटं वाटेल, पण बटण दाबल्यावर तबल्याचा आवाज वाजवायचा मोह टाळा. दाबलेलं बटण ते कानात आवाज, यात लेटन्सी असतेच, आणि गाण्यात तो बोल आधीच असेल तर दोनदा ऐकू येतो, "धाधा". ब्लूटूथ हेडफोनवर तर दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे अर्धी मात्रा.

त्यापेक्षा गिटार हिरो या गेममध्ये (२००५) जे करायचे ते करा, गाणं दोन ट्रॅकमध्ये ठेवायचं, सूर वेगळे, तबला वेगळा. खेळणारा बरोबर वाजवतोय तोपर्यंत तबल्याचा ट्रॅक चालू, चुकला की त्याचा आवाज खाली, पुढचा बोल बरोबर आला की परत वर. खेळणाऱ्याला शंभर टक्के वाटतं की तोच वाजवतोय, आणि लेटन्सी जाणवत नाही कारण ट्रॅक तर आधीपासून गाण्याबरोबरच चाललाय. दोन्ही ट्रॅक एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत एवढंच, युनिटीत दोघांना तीच शेड्यूल्ड वेळ द्या, गोडो ४.३ पासून सिंक्रोनाइज्ड स्ट्रीम मिळतो. तबला वेगळा रेकॉर्ड केलेला असेल तर हे फुकटातच मिळतं, म्हणून पहिल्या कामातच दोन ट्रॅक वेगळे मागून घ्या.

पाचवं: कॅलिब्रेशन, छोटं का होईना

प्रत्येकाचा लॅपटॉप, स्पीकर, टीव्ही वेगळा, तुमच्या मशीनवर जुळलेलं दुसऱ्याकडे जुळेलच असं नाही. एक स्क्रीन ठेवा, टिक-टिक वाजते, खेळणारा १६ वेळा बटण दाबतो, पहिले चार टाकून द्यायचे (माणूस लयीत येत असतो), उरलेल्यांचा मधला आकडा घ्यायचा, सरासरी नाही, कारण एखादा फटका पार चुकला तर सरासरी बिघडते. तो आकडा पुढे प्रत्येक फटक्याच्या वेळेतून वजा. एवढाही वेळ नसेल तर सेटिंगमध्ये १० मिलिसेकंदांनी मागेपुढे करणारी दोन बटणं तरी द्या. आणि सुरुवातीच्या स्क्रीनवर लिहा, "वायरचे हेडफोन लावा".

सहावं: शिकवणं आणि अवघडपणा

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही तुमच्या गेममध्ये इतके तरबेज झालेले असता की तुम्हाला तो सोपा वाटायला लागतो, आणि टीममधलं कोणीतरी म्हणतंच, "तिगुन टाकूया का?" टाकू नका. ज्याने गेम अजून बघितलेला नाही अशा माणसाला बसवा, शेजारच्या टेबलावरचा, घरातली आई, कोणीही, आणि तोंड बंद ठेवून बघा.

केरव्यात शिकवणीची पायरी तयारच आहे. पहिली दोन आवर्तनं फक्त सम (पहिली मात्रा), आठ मात्रांत एकदाच धा. मग पाचव्या मात्रेचा ना पण. मग उजवा हात पूर्ण. मग डावा. पूर्ण ठेक्यात डाव्याचे चार आणि उजव्याचे सहा फटके होतात, म्हणजे आवर्तनाला दहा, हे थेट अंगावर आलं तर नवखा माणूस पळून जाईल. असं टप्प्याने दिलं तर वेगळं ट्युटोरियल लिहायला लागत नाही, आणि कितीतरी लोक ट्युटोरियल वाचतच नाहीत.

चुकलं की गेम ओव्हर करू नका. जॅममध्ये लोक एका बसणीत खूप गेम बघतात, तुमच्याला काही मिनिटं मिळतात, त्यात त्याला पंधराव्या सेकंदाला बाहेर काढलं तर गाण्याचा चांगला भाग त्याने ऐकलाच नाही. तबला गप्प होतोय एवढी शिक्षा बास.

एक चाचणी मला फार आवडते. स्क्रीन झाकून खेळून बघा, मग आवाज बंद करून खेळून बघा. आवाज बंद करून जास्त स्कोअर येत असेल तर तुम्ही डोळ्यांचा गेम बनवलाय, कानाचा नाही. अशा वेळी बहुतेकदा नोट्स ठेक्यावर न बसता मध्येच कुठेतरी असतात किंवा चित्रांचा गोंधळ जास्त झालेला असतो, चित्रं कमी करा.

देवनागरी अक्षरांची वेगळी कटकट

ठोकळ्यांवर "धा", "ती", "धी" लिहिलं की गेमला एकदम आपलेपणा येतो, "परफेक्ट" आणि "मिस"ऐवजी "वा", "घाई", "उशीर" लिहिलं तर अजूनच. पण युनिटीच्या टेक्स्ट मेश प्रोमध्ये देवनागरी नीट जुळत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. जॅममध्ये त्याच्याशी भांडू नका, इंकस्केपमध्ये शब्द लिहून चित्र म्हणून आणा, लागतात किती, आठ-दहा. गोडो ४ मध्ये अक्षरं बरोबर येतात पण फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाकायला लागतो, नाहीतर वेबवर रिकामे चौकोन दिसतील. मुक्ता किंवा बालू घ्या, मुंबईच्या एक टाइपने केलेले आहेत, लायसन्स मोकळं आहे.

अपलोड पहिल्या रात्रीच

पहिल्या रात्री झोपायच्या आधी, आणि झोपा बरं का, थकलेल्या माणसाला लय ऐकूच येत नाही, ठोकळ्यांचा गेम एक्सपोर्ट करून इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर टाका. पेज ड्राफ्टमध्ये राहू दे. झिपमध्ये इंडेक्स फाइल वरच्याच पातळीवर पाहिजे, आतल्या फोल्डरमध्ये नाही. गोडो ४ च्या थ्रेडवाल्या (एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या) एक्सपोर्टला इचच्या पानावर शेअर्ड अ‍ॅरे बफरचा टिकमार्क लावायला लागतो, ४.३ पासून थ्रेडशिवाय एक्सपोर्ट होतो पण तिथे आवाज अडखळत नाही ना हे ऐकून बघा, म्युझिक गेमला तेच तर महत्त्वाचं. हे सगळं शेवटच्या तासात कळण्यापेक्षा पहिल्या रात्री कळलेलं बरं.

शेवटचे चार तास नवीन काही जोडायचं नाही. वेगळ्या मशीनवर, वेगळ्या ब्राउझरमध्ये, फोनवर टच ठेवला असेल तर फोनवर, आणि एकदा ब्लूटूथ लावून, पूर्ण ९० सेकंद खेळून बघा, पहिली दहा सेकंद बघून सोडू नका कारण घड्याळाचा फरक असेल तर तो शेवटीच दिसतो. गाण्याच्या शेवटच्या समेला कोपऱ्यातला तो आकडा पहिल्या समेइतकाच असेल तर आकडा लपवा आणि सबमिट करा.